अजिंक्यतारा : वर गड, खाली संग्रहालय

१/ पुण्याकडून येताना खंडाळा (सातारा जिल्ह्यातील, लोणावळ्याजवळचा नव्हे) मागे टाकून खंबाटकी घाट ओलांडला की साताऱ्याची वाट लागते. शहराच्या डोक्यावर उभा असलेला अजिंक्यतारा ही मराठ्यांची एकेकाळची राजधानी. आज या राजधानीचे दोन भाग झाले आहेत: वास्तू वर गडावर आणि मराठेशाहीतील शस्त्रे, वस्त्रे, नाणी खाली शहरातील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात.

२/ गड शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील मानला जातो. पुढे तो बहामनी व आदिलशाही सत्तेखाली गेला. विजापूरच्या दरबारी कारस्थानात १५८० च्या सुमारास चांदबिबीला येथेच कैदेत ठेवले होते. १६७३ मध्ये तो शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला.

३/ डिसेंबर १६९९. खुद्द औरंगजेब वेढा घालून बसला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिल्याने गडावरील माणसे गाडली. प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. दुसऱ्याचा भडका मात्र उलटला आणि हल्ल्यासाठी खाली दबा धरून बसलेले मोगल सैन्यच दगडांखाली चिरडले गेले.

४/ तरीही गड टिकला नाही. मार्चमध्येच छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले होते. एप्रिलअखेरीस गड मोगलांच्या स्वाधीन झाला. औरंगजेबाने शाहजाद्याच्या नावावरून त्याला 'आझमतारा' म्हटले. काही वर्षांत ताराबाईंच्या सैन्याने तो परत घेतला आणि 'अजिंक्यतारा' हे नाव रूढ झाले.

५/ १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. १७५० मध्ये ताराबाईंनी याच गडावर छत्रपती रामराजांना कैद केले. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला.

६/ आता खाली येऊ. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शित झाली, तेव्हा मोठी गर्दी लोटली. ती १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडे होती, असे पेटीवरील मजकूर सांगतो.

७/ तोच मजकूर असेही सांगतो, की या वाघनखांनी महाराजांनी 'मोगल' सेनापतीला मारले. परंतु अफजलखान आदिलशाही सरदार होता! लिहिणाऱ्याची माहितीच कच्ची होती. वाघनखे महाराजांनीच वापरली, याचा ठोस पुरावा नाही, हे लंडनच्या संग्रहालयानेही स्पष्ट केले आहे.

८/ म्हणून वाघनखांचे मोल शून्य ठरत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी येथून काय नेले आणि त्याला कोणती कथा जोडली, याची ती साक्ष आहेत. मात्र प्रतापगडाच्या भेटीचा पुरावा म्हणून ती पुढे करता येणार नाहीत. महाराजांचा पराक्रम समकालीन साधनांवर भक्कम उभा आहे. त्याला संशयास्पद पाटीचा टेकू लागत नाही.

९/ साताऱ्याला जाल तेव्हा आधी गड चढा. मंगळाई बुरुजापाशी उभे राहून खालचा उतार पाहा, ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष पाहा. मग संग्रहालयात जा आणि प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारा: तू कोणाच्या हातून येथवर आलीस? आणि तुझी पाटी कोणी लिहिली?