खैरलांजीची छायाचित्रे

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी (ता. मोहाडी) येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी जमावाने भोतमांगे या दलित बौद्ध कुटुंबातील सुरेखा, त्यांची मुलगी प्रियंका आणि रोशन व सुधीर हे मुलगे अशा चौघांची हत्या करून मृतदेह कालव्यात फेकले. त्या मृतदेहांची ही छायाचित्रे जातीय हिंसेचा अत्यंत वेदनादायक पुरावा आहेत.

प्रसार : मोठ्या वृत्तपत्रांनी ही घटना महिनाभर जवळजवळ दुर्लक्षित ठेवली. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी पत्रकांतून आणि इंटरनेटवरून छायाचित्रे लोकांपर्यंत नेली; नोव्हेंबरात विदर्भात मोर्चे निघाले. पुढे कानपूरला डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि साठलेला संताप राज्यभर उसळला. ३० नोव्हेंबरला ठाणे जिल्ह्यात, कल्याणलगतच्या उल्हासनगरात डेक्कन क्वीनचे डबे जाळण्यात आले. जळत्या गाडीची छायाचित्रे देशभर झळकली; कालव्यातल्या चौघांकडे मात्र देशाने तोवर फारसे पाहिले नव्हते.

अमेरिकेतील पूर्वसूत्र : इंडियानातील मेरियन येथे ७ ऑगस्ट १९३० रोजी थॉमस शिप व अब्राम स्मिथ या कृष्णवर्णीय तरुणांना जमावाने झाडाला टांगून मारले. लॉरेन्स बाइटलरने काढलेल्या छायाचित्रात एक माणूस मृतदेहांकडे बोट दाखवतो आहे आणि गर्दीतले काही चेहरे हसत कॅमेऱ्याकडे पाहतात. त्याच्या हजारो प्रती विकल्या गेल्या. ते पाहून हादरलेल्या एबल मीरोपोल यांनी ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत लिहिले. आनंद तेलतुंबडे यांच्या खैरलांजीवरील पुस्तकाचे (२००८) शीर्षक त्याच गीतावरून आले. १९५५ मध्ये मामी टिल या कृष्णवर्णीय आईने वंशद्वेषातून मारल्या गेलेल्या आपल्या चौदा वर्षांच्या मुलाची, एमेटची, शवपेटी अंत्यविधीत उघडी ठेवली. मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, हा त्यांचा आग्रह होता.

महत्त्व : मेरियनचे छायाचित्र लोकांनी आठवण म्हणून विकत घेतले; खैरलांजीची छायाचित्रे न्याय मागणाऱ्यांनी पुढे केली. तरी चित्रात जखमा दिसतात, जात दिसत नाही. न्यायालयातही ती दिसली नाही : २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून सर्वांना २५ वर्षांची कैद दिली. कुटुंबातील एकमेव वाचलेले भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले. आता सांगायला कुटुंबातले कुणी उरले नाही; म्हणून ही छायाचित्रे पाहणाऱ्याने चौघांची नावे घ्यावीत, त्यांची जातही सांगावी आणि नुसते देह म्हणून त्यांना कधीही दाखवू नये.