‘टाटाला दाखवलं का?’ : दुसऱ्या मताच्या अभ्यासाची प्रस्तावना

जालना एमआयडीसीत कुणाच्या घरी कॅन्सर निघाला, की पाळी सुटताना गेटवर पहिला प्रश्न येतो तो हाच : ‘टाटाला दाखवलं का?’ विचारणाऱ्याने परळचे ते रुग्णालय पाहिलेले असतेच असे नाही. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाचे नाव आपल्या बोलण्यात ‘ला’ प्रत्यय लागूनच येते. टाटाला नेलं, टाटाला दाखवलं. पण या प्रश्नात एक शहाणपण आहे. एवढ्या मोठ्या आजारात एकाच माणसाचा शब्द शेवटचा मानू नये, हे या गावाला कुणी शिकवावे लागलेले नाही. दुसरे मत कुणाचे घ्यायचे, नेमके कशाविषयी घ्यायचे आणि कधी थांबायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. या अभ्यासक्षेत्राचा विषय तोच आहे. आईला किंवा वडिलांना पुढच्या टप्प्यातला मेलॅनोमा आहे असे ज्यांना नुकतेच कळले आहे, त्यांचे या क्षेत्रात मी मनापासून स्वागत करतो. ते इथे हौसेने आलेले नाहीत, हे मला ठाऊक आहे.

मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या कातडीच्या देशांत तो बराच आढळतो, आणि तिथे त्याचा संबंध उन्हाशी जोडला जातो. भारतात तो दुर्मीळ आहे. वर्षाला लाखात एकाहूनही कमी. शिवाय तो येतो ते वेगळ्याच जागी : तळपायाला, तळहाताला, नखाखाली, नाकातोंडाच्या किंवा गुदद्वाराच्या आतल्या अस्तरात. म्हणून आपल्याकडे त्याला आधी दुसरीच नावे मिळतात. आईच्या टाचेवरचा काळा डाग म्हणजे कुरूप, आणि त्यावर रुईचा चीक. रोलिंग मिलमध्ये आयुष्य काढलेल्या वडिलांच्या अंगठ्याचे नख काळे पडले, तर कधीतरी सळई पडली असेल. शौचाला रक्त गेले, तर मूळव्याध. या समजुती मूर्खपणाच्या नाहीत, कारण शंभरातल्या नव्याण्णव वेळा त्या खऱ्याच ठरतात. उरलेल्या एका वेळी मात्र महिने जातात, आणि रोगाचे खरे नाव कळते तेव्हा जांघेत गाठ आलेली असते किंवा फुफ्फुसात, यकृतात, मेंदूत रोग पोचलेला असतो.

दुसऱ्या मताची गरज इथूनच सुरू होते. जो आजार इतका विरळा, तो एखाद्या उत्तम डॉक्टरनेही उभ्या कारकिर्दीत मोजक्याच वेळा पाहिलेला असतो. यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी तो वारंवार पाहिला आहे, त्यांच्यापर्यंत कागद पोचवणे हे आपले काम.

कागद म्हणताना मी खरे तर काच आणि मेण म्हणतो आहे. दुसरे मत म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दुसरा डॉक्टर, दुसरी खुर्ची, दुसरी चिठ्ठी येते. माझ्या मते पहिले दुसरे मत पॅथॉलॉजीचे असावे. तुकडा तपासणीसाठी काढलेला मांसाचा भाग मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेतले की स्लाइड होते. आपल्या हाती जो रिपोर्ट येतो, तो त्या काचेचे एका माणसाने केलेले वाचन असते. अमेरिकेत १८७ पॅथॉलॉजिस्टांना त्वचेवरच्या अशा गाठींचे नमुने वाचायला दिले गेले, आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. साध्या तिळाचे निदान बहुतेकांनी बरोबर केले. मेलॅनोमा स्पष्ट असलेल्या नमुन्यांतही एकमत बऱ्यापैकी होते. मधल्या, सीमारेषेवरच्या नमुन्यांत मात्र तज्ज्ञांच्या निदानाशी निम्म्याहून कमी वेळा मेळ बसला. पुढच्या टप्प्यात चूक वेगळ्या वाटेने येते. काही मेलॅनोमांना काळा रंगच नसतो, आणि मग जांघेतली गाठ दुसऱ्याच एखाद्या कॅन्सरची वाटू शकते. तेव्हा एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५, मेलान-ए अशा विशेष रंगचाचण्या लागतात. त्या झाल्या आहेत का, हे रिपोर्टात शोधावे. मूळ डागाची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिली आहे का, तेही पाहावे. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये सुचवलेले हे माप आजही रोगाचा टप्पा ठरवताना धरले जाते.

निदान पक्के झाल्यावर उपचाराचा प्रश्न येतो, आणि इथे गेल्या पंधरा वर्षांत जमीनच बदलली आहे. २०११ पूर्वी शरीरभर पसरलेल्या मेलॅनोमाचे रुग्ण बहुधा वर्षभरही काढत नसत. मग शरीराच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारी औषधे आली. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८चे नोबेल मिळाले. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही दोन औषधे एकत्र घेतलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनीही हयात होते, असे एका मोठ्या चाचणीने २०२४ मध्ये दाखवले. हा आकडा वाचून आशा वाटते, आणि वाटावीच. पण त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण गोरे होते, आणि त्यांचा रोग उन्हाच्या त्वचेवरचा होता. तळपायाचा आणि अस्तराचा मेलॅनोमा या औषधांना तेवढी दाद देत नाही. बीआरएएफ नावाच्या जनुकातला बिघाड गोऱ्यांच्या मेलॅनोमात सुमारे निम्म्या वेळा सापडतो, आपल्याकडच्या प्रकारांत बराच कमी. आणि तो नसेल तर त्यावरच्या महागड्या गोळ्या निरुपयोगी आहेत. काही रुग्णांत केआयटी हे दुसरेच जनुक बिघडलेले असते. म्हणून ‘जनुकीय तपासणी केली का, आणि माझ्या आईच्या प्रकारच्या मेलॅनोमात या औषधाचा किती उपयोग होतो?’ हा प्रश्न दुसऱ्या मताच्या गाभ्याशी आहे.

खर्चाचा प्रश्न लाजेने मागे ठेवू नये. ही औषधे लाखांत जातात. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोके-मान भागाच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅबची अवघी २० मिलिग्रॅमची मात्रा वापरून फायदा दाखवला. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही ती कमी आहे. तो पुरावा मेलॅनोमाचा नव्हे, पण अशी काही वाट आहे का हे विचारण्याचा हक्क शेत विकायला निघालेल्या मुलाला नक्कीच आहे. कामगारावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचीही ईएसआय (कामगार विमा) कार्डावर नोंद होते, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसते.

‘आता वय झालं, कशाला हाल करायचे’ हे वाक्य आपल्या घरांत फार लवकर उच्चारले जाते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना ऑगस्ट २०१५ मध्ये यकृतात आणि मेंदूत मेलॅनोमा असल्याचे जाहीर झाले तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पेम्ब्रोलिझुमॅब यांनंतर त्याच डिसेंबरात रोगाची खूण दिसेना. ते शंभर वर्षे जगले. प्रत्येक नव्वदीच्या माणसाचे असे होत नाही. पण केवळ वयाकडे पाहून दार बंद करणे चूक आहे, एवढे त्यांच्या उदाहरणाने सिद्ध झाले. उलट, उपचार नकोत असे आईने विचारपूर्वक ठरवले, तर वेदनाशामक उपचारांच्या डॉक्टरांकडे जाणे हेही दुसरे मतच आहे, आणि त्याचे मोल कमी नाही.

‘डॉक्टर रागावतील’ या भीतीने पुष्कळ घरे गप्प बसतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असे वैद्यक परिषदेचे २००२चे नियम सांगतात. माझा अनुभव असा, की ‘साहेब, तुमच्याच उपचाराला आधार मिळावा म्हणून दाखवून आणतो’ असे सरळ सांगितले, तर बहुतेक डॉक्टर स्वतः चिठ्ठी लिहून देतात.

दुसरे मत एकट्या नामांकित डॉक्टरपेक्षा ट्यूमर बोर्डाचे मिळाले तर अधिक चांगले. तिथे शल्यविशारद, औषधोपचाराचे आणि किरणोपचाराचे तज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून एका फाइलवर बोलतात. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय साठ किलोमीटरवर आहे. मुंबई चारशे किलोमीटरवर असली, तरी आज रुग्णाला न नेता कागद आणि स्लाइड पाठवूनही मत घेता येते. दोन मते जुळली, तर तिसऱ्याच्या मागे धावू नये. मेंदूत रोग असेल, तर आठवडेसुद्धा महाग पडतात. दोन मते जुळली नाहीत, तर दोघांना एकच प्रश्न विचारावा : तुमच्या मतांत फरक नेमका कशामुळे पडला?

जिच्यासाठी ही सगळी धावपळ चालते, तिला पुष्कळदा काहीच ठाऊक नसते. भाऊ, मामा, जावई दारामागे कुजबुजतात आणि आईला ‘पायाची तपासणी आहे’ एवढेच कळते. या अभ्यासक्षेत्रात येणाऱ्याला माझी एवढीच विनंती : जालन्याहून निघताना ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, आणि गाडीत बसण्याआधी आपण कुठे व कशासाठी चाललो आहोत हे आईला सांगा. मग तिला काय हवे आहे, ते विचारा.