सह्याद्रीचे निळे फूल आणि परक्या नावांचा इतिहास

१/८
एका रानफुलाला स्वतःचे नाव मिळण्यास किती काळ लागावा? सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर पावसाळ्याच्या अखेरीस उमलणाऱ्या एका निळ्या फुलाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वाट पाहावी लागली. आज त्याचे शास्त्रीय नाव आहे डेल्फिनियम मलबारिकम.

२/८
ही बहुवर्षायू वनस्पती. उन्हाळ्यात जमिनीवर तिचा मागमूस नसतो. जिवंत राहतात ती केवळ मातीखालील मुळे. पावसासोबत पाने येतात, नंतर निळ्या फुलांचा तुरा. फुलामागे मधुरस साठवणारी लांब नळी असते. कळीचा आकार डॉल्फिनसारखा वाटल्याने ग्रीकांनी या गटाला ‘डेल्फिनिऑन’ म्हटले.

३/८
या गटातील अनेक जाती हिमालयात आढळतात. सह्याद्रीत ही एकटीच. नेमका इथेच घोळ झाला.

४/८
जर्मन शास्त्रज्ञ फ्रेसेनियस याने १८३७ मध्ये ॲबिसिनियातील, म्हणजे आजच्या इथिओपियातील, एका फुलाला ‘डेल्फिनियम डॅसिकॉलॉन’ हे नाव दिले. पुढे हूकरने १८७२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींचा जो महाग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सह्याद्रीचे फूलही याच नावाखाली नोंदले गेले. घर इथले, नाव मात्र समुद्रापलीकडचे!

५/८
१८९५ मध्ये अर्न्स्ट हूट या जर्मन अभ्यासकाने फरक हेरला. तरीही त्याने आपल्या फुलाला आफ्रिकी जातीचा केवळ एक उपप्रकार मानले आणि ‘मलबारिकम’ म्हटले. मलबार म्हणजे काटेकोर अर्थाने केरळचा किनारा. परंतु युरोपीय लेखक हा शब्द पश्चिम किनाऱ्यासाठी बराच सैलपणे वापरीत.

६/८
अखेर १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप मन्झ यांनी तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला.

७/८
यात केवळ शब्दांचा खेळ नव्हता. ही आफ्रिकी जातच असती, तर सह्याद्रीतून ती नाहीशी झाली तरी इथिओपियात उरलीच असती. स्वतंत्र जात ठरताच हिशेब पालटला : पश्चिम घाटातून ती गेली, तर जगातूनच गेली. १९९१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी ऊतिसंवर्धनाने तिची रोपे तयार केली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच तिला ‘दुर्मिळ’ म्हटले होते.

८/८
पुढचा अध्याय कोल्हापूरचा. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या फुलाचा अभ्यास झाला. उद्यानात लावण्याजोगे नवे प्रकार मिळावेत म्हणून तिथे उत्परिवर्तनाचे प्रयोग झाले. ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बागेत वाढलेले फूल कदाचित रानातल्या फुलावरचा भार हलका करील. पण रानाची जागा ते घेऊ शकत नाही. ज्या उतारावर त्याची मुळे उन्हाळाभर निजतात, तो उतार खणला गेला, जाळला गेला किंवा बांधकामाखाली आला, तर पुढच्या पावसाने कोणाला जागे करावे?