यशोधराचा कोंबडा आणि गिनीचं पिल्लू



रत्नागिरीत आमच्या परड्यात पाळलेली एक कोंबडी आहे. मांजराच्या तोंडून सुटलेलं गिनी कोंबडीचं पिल्लू सध्या तिच्या पंखाखाली वाढतंय. "जैनाघरी कोंबड्या?" असं दोघी-तिघींनी विचारलं. अगं, कोंबड्याची कथा तर आपल्याच ग्रंथांत आहे!

सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इ.स. ९५९ ला, 'यशस्तिलक' पूर्ण केलं. त्यात उज्जयिनीचा राजा यशोधर आई चंद्रमतीच्या हट्टापायी देवीला कोंबड्याचा बळी देतो. तोही पिठाचा! पण मारण्याचा संकल्प खराच. मायलेक जन्मोजन्मी पशुपक्षी होतात, आणि शेवटी कोंबडा-कोंबडी होऊन राजा यशोमतीच्या बाणाने मरतात. हा यशोमती म्हणजे यशोधराचाच मुलगा.

पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि आपले मोतीशा शेठ यांनी मुंबईत पांजरपोळ काढली. निमित्त होतं भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाचं.

आता आमचं पिल्लू. गिनी मूळची आफ्रिकेची, तिच्या पिल्लांना ओल बाधते. उबेला दिवा लावावा, तर पावसाळ्यात त्यावर किडे मरतात. आमची कोंबडी नेमकी खुडूक होती, तिने पिल्लू पोटाशी घेतलं. खाली कोरडा भुसा घातलाय. पिल्लू बुडू नये म्हणून पाण्याच्या बशीत गोटे. याला कोंबडीच्या पिल्लापेक्षा प्रथिनं जास्त लागतात. सुकट घातलेलं खाद्य मी आणत नाही, सोयापेंडीचं आणते. परड्यातली वाळवी ते स्वतः टिपतं. मी अडवत नाही, पण वाळवी आणूनही देत नाही.