वस्तुमान एककांचे रूपांतर : मायक्रोग्रॅम ते टन

दशमान पद्धतीतील वस्तुमानाच्या सूक्ष्म व मोठ्या एककांची परस्परांत मांडणी. मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम, ग्रॅम, किलोग्रॅम, टन या क्रमात प्रत्येक एकक आधीच्या एककाच्या हजारपट असते. म्हणून दर पायरीला दशांशचिन्ह तीन स्थाने सरकते. टनापर्यंत अशा चार पायऱ्या होतात. १ टन म्हणजे एक लाख कोटी मायक्रोग्रॅम. बाजार समितीतला क्विंटल (१०० किलो) या हजारांच्या शिडीत बसत नाही. त्याचे आधी किलो करून घ्यावेत.

आयोडीनयुक्त मीठ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. प्रौढ माणसाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात ते दशलक्ष भागांत किमान १५ भाग असावे, असा भारतातील नियम आहे. हेच प्रमाण टनाला १५ ग्रॅम, किलोला १५ मिलिग्रॅम आणि ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम असे वाचता येते. आकडा तोच, फक्त एककांची जोडी बदलते. ही सोय फार सुंदर आहे. अशा १० ग्रॅम मिठात बरोबर १५० मायक्रोग्रॅम आयोडीन असते.

औषधाच्या मात्रेत मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅम वाचले गेले, तर चूक थेट हजारपटीची होते. त्यामुळे चिठ्ठीवर ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द पूर्ण लिहावा.

मूळ एकक किलोग्रॅम असले, तरी उपसर्ग ग्रॅमलाच लागतात. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांक स्थिरांकावर आधारलेली आहे.