थिबा राजवाडा

थिबा राजवाडा (स्थानिक बोलीत थिबा पॅलेस) ही महाराष्ट्रातील रत्नागिरी शहरातील एक ऐतिहासिक वास्तू आहे. ब्रह्मदेशाच्या (आजचा म्यानमार) कोनबाँग घराण्याचा अखेरचा राजा थिबा याला सहकुटुंब नजरकैदेत ठेवण्यासाठी ब्रिटिश सरकारने इ.स. १९०६ ते १९१० या काळात ती बांधली. समुद्राजवळचा उंचवटा, उतरती कौलारू छपरे आणि सागवानी कोरीवकाम यांमुळे प्रथमदर्शनी ती एखाद्या संस्थानिकाचा उन्हाळी महाल वाटते. थायलंडचा राजा वजिरावुध याने १९२० च्या दशकात चा-आम येथे समुद्रकाठी बांधलेला मृगदायवन हा सागवानी प्रासाद खरोखरच तसा विश्रांतीचा महाल होता. रत्नागिरीचा राजवाडा मात्र राजाला सोडून जाता येत नव्हता.

पार्श्वभूमी

थिबा इ.स. १८७८ मध्ये मंडाले येथे गादीवर आला. त्याचे वडील मिंडॉन यांनी बांधलेला मंडालेचा राजवाडा जवळजवळ संपूर्ण सागवानी लाकडाचा होता. ज्या दालनात मिंडॉन यांचे निधन झाले, ते थिबाने उतरवून राजवाड्याबाहेर हलवले आणि त्याचा बौद्ध मठ केला. श्वेनानडॉ नावाचा हा मठ आजही उभा आहे. मूळ राजवाडा दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४५ मध्ये जळून गेला.

थिबाचे राज्य जाण्याचे तात्कालिक निमित्तही सागच ठरले. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ब्रह्मदेशाच्या जंगलांतून ठरल्यापेक्षा अधिक ओंडके नेले आणि त्यांवरील रक्कम बुडवली, असा ठपका राजदरबाराने ठेवून तिला लाखो रुपयांचा दंड केला. फ्रान्सचा वाढता प्रभाव रोखू पाहणाऱ्या ब्रिटिशांना हे कारण पुरेसे होते. नोव्हेंबर १८८५ मधील तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले. राजा, राणी सुपयालत आणि त्यांचा परिवार यांना आगबोटीने देशाबाहेर नेण्यात आले आणि १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश खालसा झाल्याचे जाहीर झाले.

रत्नागिरीतील वास्तव्य

काही महिने मद्रासला ठेवल्यानंतर एप्रिल १८८६ मध्ये राजपरिवाराला रत्नागिरीस आणले गेले. त्या काळी रत्नागिरीला रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात आगबोटींची वाहतूकही बंद पडे. कैद्याला जगापासून दूर ठेवण्यास असे ठिकाण सोयीचे होते. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू होण्यास १९९८ साल उजाडले.

राजवाड्याच्या नावामुळे थिबा आल्यापासून येथेच राहिला असा समज होतो. वास्तविक त्याची पहिली सुमारे २४ वर्षे शहरातील बंगल्यांत गेली. चार राजकन्यांपैकी धाकटीचा जन्मही १८८७ मध्ये रत्नागिरीतच, या बंगल्यांच्या काळात झाला. नव्या राजवाड्यात राजा इ.स. १९१० मध्ये राहण्यास आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये निधन पावला. म्हणजे तेथे तो जेमतेम सहा वर्षे राहिला.

याच काळात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते (१९०८-१९१४). मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, असा हा विलक्षण योगायोग आहे. त्यापूर्वी अखेरचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर यालाही ब्रिटिशांनी असेच रंगूनला पाठवले होते.

वास्तू

राजवाडा जांभा दगड व विटांचा आहे, तो पूर्णतः लाकडी नाही. तरीही पाहणाऱ्याची नजर प्रथम लाकडाकडेच जाते. अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरील नक्षी ही वास्तूची ओळख मानली जाते. दर्शनी भागाची घडण वसाहतकालीन सरकारी इमारतींसारखी असून लाकूडकामात ब्रह्मी वळण जाणवते. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे दालन आहे. वरून खाडी आणि पलीकडील समुद्र दिसतो. जवळच्या थिबा पॉइंट येथून काजळी नदीच्या मुखाचे दृश्य अधिक मोकळेपणे पाहता येते.

राजाच्या मृत्यूनंतर

पतीचे पार्थिव मायदेशी नेण्याची सुपयालतची इच्छा होती, परंतु सरकारने परवानगी दिली नाही. इ.स. १९१९ मध्ये राजाचे दफन रत्नागिरीतच झाले. त्याच वर्षी राणी रंगूनला परतली. तिचे निधन १९२५ मध्ये झाले. थिबा आणि त्याची धाकटी राणी सुपयाले यांच्या समाध्या शहराच्या शिवाजीनगर भागात आहेत. राजवाड्याच्या तुलनेत तेथे फारसे कोणी फिरकत नाही.

थोरल्या राजकन्येने राजवाड्याच्या सेवेतील गोपाळ सावंत यांच्याशी संबंध जोडला. त्यांची मुलगी टुटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलत सामान्य परिस्थितीत जगली आणि इ.स. २००० मध्ये तिचे निधन झाले. राजघराण्याची ही शाखा कोकणात मिसळून गेली.

सद्यस्थिती

राजवाडा राज्य शासनाच्या ताब्यात असून तेथे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाचे संग्रहालय आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीचे दर्शन घेतले.

पुणे व पिंपरी-चिंचवडकडून रस्त्याने येणाऱ्यांना कराड, मलकापूर व आंबा घाटमार्गे रत्नागिरी गाठता येते. रेल्वेने येण्यासाठी पनवेलहून कोकण रेल्वेची गाडी सोयीची पडते. राजवाडा व समाध्या शहराच्या वेगवेगळ्या भागांत असल्याने दोन्ही पाहण्यासाठी किमान अर्धा दिवस हाताशी ठेवावा.