वर्धा परिसरातील आहारनियम : व्रत, प्रयोग आणि पथ्य

आहाराचा नियम ठरविणे सोपे आणि तो दिवसामागून दिवस चालविणे अवघड, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मात्र या अनुभवाची वजनमापांसह नोंद ठेवली गेली असे प्रदेश थोडे. वर्धा परिसर हा त्यांपैकी एक होय. बोरगाव (मेघे) हे गाव आज वर्धा शहराच्या वस्तीत जवळजवळ मिसळून गेले आहे. त्याच्या सभोवारच्या काही मैलांच्या टापूत मगनवाडी, नालवाडी, सेवाग्राम आणि पवनार ही स्थळे येतात. १९३० नंतरच्या दशकात या टापूत आहाराविषयी जे प्रयत्न झाले, त्यांत यश आणि अपयश या दोहोंचा आढळ होतो. नियम कशाने मोडतो आणि कशाने टिकतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास हा इतिहास उपयुक्त आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. आहारनियमनासाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत : व्रत, प्रयोग आणि पथ्य. त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहिली म्हणजे त्यांमागील भूमिकांचा भेद ध्यानात येतो. व्रत घेतले जाते आणि मोडते. मोडल्यावर उरतो तो दोष. प्रयोग केला जातो, फसतो, पुन्हा करता येतो. फसल्यावर उरते ती माहिती. पथ्य हा शब्द ‘पथिन्’ म्हणजे मार्ग यावरून आला असून, मार्गापासून न ढळलेले असा त्याचा अर्थ पाणिनीय परंपरेत सांगितला जातो. पथ्य सांभाळावे लागते आणि ते व्यक्तीगणिक व ऋतुगणिक बदलते. अनपेक्षितपणे हितकर ठरलेल्या गोष्टीला मराठी माणूस ‘पथ्यावर पडली’ असे म्हणतो, हेही येथे लक्षणीय आहे. वर्ध्याचा आहारविषयक इतिहास म्हणजे या तीन शब्दांमधील ओढाताण होय.

गांधीजी वर्ध्यास राहावयास आले तेव्हा त्यांच्या पाठीशी दोन तपांहून अधिक काळाचे आहारविषयक अनुभव होते. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध वर्ज्य केले. १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी, दिवसभरात पाचांहून अधिक पदार्थ खावयाचे नाहीत आणि सूर्यास्तानंतर काही घ्यावयाचे नाही, असे व्रत त्यांनी घेतले. या दोन निश्चयांचे भवितव्य मात्र सारखे झाले नाही. पाच पदार्थांचे व्रत टिकले. दुधाचे व्रत १९१८ च्या दीर्घ आजारानंतर, १९१९ च्या आरंभी शेळीचे दूध घेऊन शब्दाने राखले गेले, पण त्याचा आत्मा दुखावला गेला, ही खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदविली आहे. पुढे १९२९ मध्ये साबरमतीस न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग सहकाऱ्यांसह आरंभिला गेला. तोही प्रकृती बिघडल्याने त्यांना थांबवावा लागला. यांतील भेद विचार करण्याजोगा आहे. पदार्थांची संख्या बांधणारा नियम शरीराला निवडीस वाव ठेवत होता. दुधाचा संपूर्ण निषेध तसा वाव ठेवत नव्हता. इच्छाशक्ती दोन्हीकडे एकाच माणसाची होती. तेव्हा नियमाच्या टिकण्या-मोडण्याचा संबंध केवळ इच्छाशक्तीशी जोडणे युक्त ठरत नाही.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी असे नाव दिलेल्या जागी, संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या व्यवस्थेखाली सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ आणि घाणीचे तेल हे या कार्यक्रमाचे आहारविषयक मुद्दे होत. आहाराचा प्रश्न येथे एका व्यक्तीच्या संयमातून बाहेर पडून गावच्या उद्योगाचा प्रश्न बनला. गिरणीचा सडीक तांदूळच बाजारात मिळत असेल तर हातसडीचा भात खाण्याचा निश्चय कितीही दृढ असला तरी निरर्थक होतो, हे या मांडणीचे सार म्हणता येईल.

याच सुमारास, १९३५ च्या आरंभी, पालेभाज्यांविषयीचा एक लेख गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकात लिहिला. काही महिने ते न शिजवलेल्या अन्नावर राहत होते आणि थोड्याशा पाल्यासाठी वर्ध्याच्या बाजारावर अवलंबून राहणे त्यांना अनुचित वाटत होते. आश्रमातील छोटेलाल यांनी एके दिवशी गवतात आपोआप उगवलेली लुणी आणून दिली, नंतर चाकवत आणला. दोन्ही त्यांना मानवले. गुजरातीतील लुणी म्हणजे मराठीतील घोळ. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि रानातील भाजी हे वऱ्हाड-वर्ध्याकडील कष्टकऱ्यांचे जुनेच जेवण. त्यातील एक उपेक्षित घटक अशा रीतीने पोषणशास्त्राच्या चर्चेत आला. त्याच वर्षी मगनवाडीत सोयाबीनही जेवणात घेऊन पाहण्यात आले. आज सोयाबीन हे या जिल्ह्याचे प्रमुख खरीप पीक आहे. परंतु त्याचा मुख्य मार्ग तेलाच्या कारखान्याकडे जातो, घरच्या ताटाकडे नाही. पदार्थ शेतात असणे आणि तो आहारात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरे उदाहरण विनोबा भावे यांचे. त्यांच्या वर्ध्यातील जीवनक्रमाची पूर्वपीठिका वाईत आढळते. १९१७ मध्ये आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते अध्ययन आणि प्रकृतिसुधारणा या दोन हेतूंनी वाईस गेले आणि १९१८ मध्ये गांधीजींना पत्राने आपला हिशेब कळविला. आरंभी रोज दहा-बारा मैल चालणे, पुढे सहा ते आठ शेर धान्य दळणे आणि शेवटी तीनशे सूर्यनमस्कार, असा व्यायामाचा क्रम त्यात आहे. मसाले आणि मीठ त्यांनी सोडले होते. एक महिना केवळ केळी, दूध आणि लिंबू यांवर काढून पाहिला. शक्ती घटली, म्हणून तो क्रम सोडून दिला. मग ठरलेला आहार असा : दूध साठ तोळे, वीस तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, चार-पाच केळी आणि मिळाल्यास एक लिंबू. मीठ-मसाल्याच्या त्यागाला येथे व्रताचे स्वरूप आहे, तर दुधाला आणि भाकरीला प्रयोगाचे. महिनाभराचा क्रम फसला तेव्हा त्याची गणना पतनात झाली नाही, आकड्यांत झाली.

१९३५ च्या सुमारास नालवाडीत विनोबांनी सूतकताईच्या मजुरीतच आपला आहार बसविण्याचा प्रयत्न केला. आहाराची मर्यादा येथे श्रमाच्या मोबदल्याने ठरत होती आणि त्यामुळे कत्तिणींच्या अपुऱ्या मजुरीचा प्रश्नही उघड झाला. पुढील काळात त्यांची प्रकृती खालावत गेली आणि १९३८ मध्ये वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींच्या संमतीने ते धाम नदीकाठी पवनार येथील जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहावयास गेले. कामाच्या सर्व चिंता मनातून काढून टाकणे आणि शेतात थोडे थोडे खणणे, असा त्यांचा क्रम होता. खणण्याचा आरंभ अवघ्या पाच मिनिटांनी झाला आणि वेळ हळूहळू वाढविण्यात आला. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत चढले. या वृत्तांतात भर कठोर निषेधावर नाही; तो विश्रांतीवर आणि बेताने वाढविलेल्या श्रमावर आहे.

या इतिहासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अस्वाद हे आश्रमाच्या एकादशव्रतांपैकी एक होते. व्रत स्वीकारून आलेल्या माणसाला बेचव जेवण हा साधनेचा भाग वाटू शकतो. ज्याने ते स्वीकारले नाही त्याच्यावर तोच नियम लादला गेल्यास तो जाच होतो. शिवाय आश्रमाच्या कुंपणाबाहेरील शेतमजुरापुढचा प्रश्न खाण्यावर ताबा ठेवण्याचा नव्हता, पुरेसे मिळण्याचा होता. गांधीजींना याची जाणीव होती. १९४२ मध्ये आगाखान महालात स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकातही दुधाला वनस्पतिजन्य पर्याय सापडला नसल्याचे त्यांनी मान्य केले आहे. गरिबाला दूध मिळत नाही आणि दुधावाचून भागत नाही, ही अडचण तेथे सुटलेली नाही. ती झाकलेलीही नाही.

समारोपादाखल दोन गोष्टी नमूद करता येतील. पहिली अशी की, वर्धा परिसरात टिकलेले नियम हे आसपास मिळणाऱ्या अन्नाशी, रोजच्या श्रमाशी आणि शरीराच्या कुवतीशी जुळलेले होते. ही जुळणी तुटली तेथे थोर इच्छाशक्तीही अपुरी पडली. दुसरी गोष्ट नोंदीची. शेळीच्या दुधाची खंत, केळ्यांवरील महिन्याचे अपयश आणि ८८ पौंडांचा आकडा लिहून ठेवला गेला म्हणूनच पुढचा बदल शक्य झाला. व्रत मोडले म्हणून आहाराचा विचारच सोडून देणाऱ्याला पथ्य या जुन्या शब्दाचा अर्थ उपकारक ठरावा. वाटेवरून पाऊल ढळले तरी वाट नाहीशी होत नाही. तिच्यावर परत येता येते, आणि आवश्यक असल्यास दुसरी, चालवेल अशी वाटही धरता येते.